नळीवरची अर्धी खूण

६ नोव्हेंबर १९८३, कर्जत

ही वही श्रीपतने आणून दिली. तो आमच्या तालुका समितीचा चिटणीस. म्हणाला, "मास्तर, बोलत नाही तर निदान लिहा. तुमच्यासारखा माणूस गप्प बसला की गाव आजारी पडल्यासारखं वाटतं." मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणतो.

माझी बायको सोना जाऊन तीन महिने होत आले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी बोलायला उभा राहिलो. छप्पन्न साली धम्म घेतल्यापासून या तालुक्यात असा कार्यक्रम झाला नाही जिथे मी बोललो नाही. लोक सरसावून बसले. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि मग खाली बसलो. भंतेजींनी पुढची गाथा सुरू केली. तेव्हापासून सभा नाही. शाळेत धडा वाचून दाखवतो, एवढंच.

दुःख म्हणावं तर तसंही नाही. बसून बसून पाय बधिर झाला की माणूस चिमटा काढून बघतो, तसं मी अधूनमधून बघतो.

१३ नोव्हेंबर

एस.टी.ने खालापूरला गेलो. सोनाचा धाकटा भाऊ वाल्मिक तिथे राहतो. हवाई दलात विमानं दुरुस्त करायचा, आता रसायनीच्या कारखान्यात फिटर आहे. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये तो विमान जोडतो आहे. खरं, दोन माणसांचं. पाताळगंगेकाठी शेती असलेल्या एका पारशी गृहस्थाने अमेरिकेहून त्याचे सुटे भाग पेट्यांत भरून मागवले होते. परवानगी काढली, आणि पेट्या उघडायच्या आत ते वारले. त्यांच्या बहिणीने पेट्या वाल्मिकला देऊन टाकल्या आणि वर उडवायला माळही दिला. म्हणाली, पूर्ण कर, भावाला बरं वाटेल. आमच्या वाल्मिकने तीन वर्षं रविवार घातले. विमान चालवायला पुण्याच्या क्लबात जाऊन शिकला. सांगाडा, पंख, इंजिन झालं. राहिलं पेट्रोलचं: टाकी कुठे, केवढी, नळ्या कशा.

"दाजी, या पुस्तकात टाकीचे तीन प्रकार दिलेत," तो म्हणाला. "ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. मला वर्कशॉपचं इंग्लिश येतं, हे वकिलाचं हाय. तुमी वाचा."

हवाई दलातली त्याची एक पद्धत आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने करायचं आणि करताना तेच मोठ्याने परत म्हणायचं. वाचणारा बोलला नाही तर करणाऱ्याने हात लावायचा नाही. मी वाचलं. त्याची बायको आवडी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अगंबाई, दाजी बोलले की! डब्याबद्दल का होईना." विमानाला ती डबा म्हणते.

२० नोव्हेंबर

तीन प्रकार असे. एक, सीटच्या मागे खांद्याच्या उंचीवर एकच लहान टाकी. पेट्रोल आपल्या वजनाने खाली इंजिनात उतरतं, पंप लागत नाही. तासभर उडता येतं. दोन, दोन्ही पंखांत एकेक मोठी टाकी, मध्ये कॉक. कॉक डावीकडे फिरवला की डावीतलं, उजवीकडे फिरवला की उजवीतलं. चार तास. तीन, दोन्हींचं मिश्रण आणि विजेचा पंप.

मी पंखातल्या टाक्यांच्या बाजूने बोललो. बोलणं बरं झालं, निदान मुद्देसूद झालं. एवढं कष्टाने यंत्र उभं करायचं आणि तासाभराचं पेट्रोल भरायचं, म्हणजे माणसाला लिहायला शिकवून फक्त अंगठा मारायला लावण्यासारखं आहे, असं मी म्हणालो. पूर्वी या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या.

वाल्मिक कानस चालवत होता. "दाजी, दोन टाक्या म्हंजे दोन झाकणं, दोन हवेच्या नळ्या, तळाला पाणी साचायच्या दोन जागा. आमी बघितलंय. एक टाकी भरलेली आसती आन माणूस दुसरी रिकामी होऊन पडतो. कॉक फिरवायचं ध्यानात राहत नाय."

"चार तासांत समुद्रावर किती आत जाता येईल?"

"कशाला जायचं समुद्रावर?"

"सहज. अलिबागवरून सरळ पश्चिमेला धरलं तर."

"आन परत यायला?"

त्याचा मी हिशेब केला नव्हता. तसं सांगितलं. त्याने कानस खाली ठेवली आणि आवडीला चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, एकच टाकी, लहानवाली, सीटमागची. चर्चा नाही. इतक्या वर्षांत त्याने माझा मुद्दा असा कधी उडवून लावला नव्हता.

२३ नोव्हेंबर

आवडी आज शाळेच्या दिवशी कर्जतला आली. कुलूप उघडून घर झाडलं, भाकऱ्या केल्या, मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. जाताना डॉक्टरने दिलेली माझी झोपेच्या गोळ्यांची बाटली घेऊन गेली. तिला रात्री झोप लागत नाही म्हणे. नवल आहे. ती तर भर दुपारी ओट्यावर घोरते.

४ डिसेंबर

टाकी बसवली. ॲल्युमिनियमची, वाल्मिकने स्वतः वाकवून झाळलेली. पेटीत आलेली फायबरची होती. ती उन्हात ठेवून हुंगून बघितली आणि नको म्हणाला.

पुस्तकात एक वाक्य आलं. टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल असं राहतं की ते नळीच्या तोंडापर्यंत पोचत नाही, इंजिनाला मिळत नाही. त्याचं वजन धरायचं, उड्डाणात ते मोजायचं नाही. मी वाचलं. वाल्मिकने परत म्हटलं: "वजन धरायचं, मोजायचं नाय."

"पुढं वाचा दाजी."

मी तिथेच थांबलो होतो म्हणे.

पेट्रोल बंद करायचा कॉक पुस्तकातल्या चित्रात दोन सीटच्या मधोमध आहे, दोघांचाही हात पोचेल असा. वाल्मिकने तो आपल्या डाव्या गुडघ्याखाली नेला. त्यासाठी नळी हातभर जास्त लागली आणि एक वाकण वाढलं. प्रत्येक वाकण म्हणजे हवा अडकायची जागा, हे त्यानेच मला शिकवलं आहे. विचारलं तर म्हणाला, "माझ्या हाताची सवय हाय." विचित्र आहे, पण यंत्र त्याचं आहे.

१८ डिसेंबर

पेट्रोल किती उरलं ते कसं कळणार, हा आजचा विषय. पेटीत काट्याची तबकडी आली आहे, पुढे चालकासमोर लावायची. वाल्मिकने ती परत पेटीत टाकली. काटा अडकतो, तार सुटते, आणि रिकामी टाकी भरलेली दाखवते. त्याऐवजी टाकीच्या पुढच्या अंगाला काचेची नळी उभी बसवली. टाकीत जेवढं तेवढं नळीत. खोटं बोलायला तिच्यात काही नाही.

खुणा करताना शेपूट लाकडी घोड्यावर उचलून विमान हवेत असतं तसं सरळ केलं. मी मापाने पेट्रोल ओतायचो आणि सांगायचो. तो परत म्हणून नळीवर लाल रंगाची रेघ ओढायचा. पूर्ण, पाऊण, अर्धी. अर्ध्याच्या खाली त्याने रेघच काढली नाही.

"खाली?"

"खाली काय बघायचं? अर्धं आलं की तोंड घराकडं. तेवढंच कळलं म्हंजे झालं."

पण नळी चालकाच्या पाठीमागे येते. त्याला ती दिसत नाही. शेजारच्या सीटवरून मान वळवली तरच दिसते.

"मग तू कसा बघणार?"

"मी कशाला बघतो. बाजूचा बघंल."

"बाजूला कोण?"

"तुमीच की, दाजी. वाचणारा माणूस तुमी. अर्धं झालं की बोला, मी परत म्हणतो आन फिरवतो. तुमी बोलला नाय, म्हंजे अर्धं झालं नाय. साधी गोष्ट हाय."

मी बरं म्हटलं.

८ जानेवारी १९८४

गळतीची तपासणी. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून टाकीत फुंकलं. एका सांध्यावर बुडबुडा आला. काढून परत बसवला.

२२ जानेवारी

श्रीपत शेडमध्येच आला. एप्रिलातल्या जयंतीला वक्ता म्हणून माझं नाव छापायचं आहे. मी नाही म्हटलं.

"मास्तर, मागच्या वर्षी तुम्ही बोलत असताना लाइट गेली होती, आठवतं? माइक बंद. तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. आता माइक चालू आहे तर माणूस बंद!"

वाल्मिक हसला. मी हसायला हवं होतं, हे मला हसण्याची वेळ निघून गेल्यावर कळलं. श्रीपत ओशाळला. जाता जाता विमानाकडे बघून म्हणाला, "याला आरक्षण आहे का? मला एक जागा ठेवा." त्यावर वाल्मिक म्हणाला, दोनच जागा आहेत आणि दुसरी दाजींची आहे. श्रीपतने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गेला.

१२ फेब्रुवारी

विमान खात्याचा माणूस मागच्या आठवड्यात बघून गेला. आज वाल्मिक एकटा उडाला.

माळाशेजारचे शेतकरी रामभाऊ नारळ घेऊन आले होते. "मास्तर, तुमचं मला ठावं हाय, तुमाला चालत नाय. पर नव्या गाडीला फोडतात, तसा फोडू द्या. माझ्या शेतावर पडाय नको." पूर्वी मी त्यांना तिथेच उभं करून तासभर सुनावलं असतं, मागे पुलाच्या उद्घाटनाला सुनावलंच होतं. आज म्हटलं, फोडा.

वाल्मिक चाकाजवळ बसला होता तो उठून उभा राहिला. "दाजी? नारळ फोडतायत."

"फोडू दे."

त्याचा चेहरा का उतरला कळलं नाही. रामभाऊंनीही नारळ परत काखेत मारला. मग म्हणाले, "आसूं द्या. कालवणात घालतो." आणि घेऊन गेले.

वाल्मिकने नदीवरून दोन चकरा मारल्या आणि उतरला. आवडी सगळा वेळ डोळ्यांवर पदर घेऊन बसली होती. मी बघत होतो. विमान उडालं. मनात आलं, उडालं.

१९ फेब्रुवारी

पुढच्या रविवारी दोघांनी जायचं ठरलं. कर्जत, कशेळं, तिथून डोंगराच्या तोंडापर्यंत आणि मागे.

दुपारी शेडबाहेर हात धूत असताना आत दोघांचं चाललं होतं.

"त्यांच्या हातात जीव देतूस?" आवडी म्हणत होती. "त्यांना दिसतंय का काय ते तरी?"

"दिसतंय."

"आन दिसून नाय बोलले तर?"

"ताई आसती तर त्यांना आसं एकटं बसू दिलं आसतं का? मी आनखी काय करू, आवडे? तूच सांग. भाकऱ्या तू करतीस, गोळ्या तू लपवतीस. माझ्याकडं हेच एक हाय."

"मला नवरा हाय का नाय पुढच्या सोमवारी, तेवढं सांग."

मी पाणी बंद केलं. आत जाऊन मी आवडीला सांगितलं की काळजी करू नकोस, माझा चष्मा दिवाळीतच नवा केला आहे, लांबचं-जवळचं स्वच्छ दिसतं. ती रडायला लागली. बायका विमानाला भितात. समजावणं जमलं नाही.

२६ फेब्रुवारी

उडालो. उतरलो. आज लिहवत नाही.

२८ फेब्रुवारी

लिहितो.

सकाळी नऊच्या सुमारास माळावरून निघालो. टाकी पूर्ण. मी नळी बघून "पूर्ण" म्हटलं, वाल्मिक "पूर्ण" म्हणाला. गवत खाली गेलं. नदी, कारखान्यांची धुराडी, आमच्या कर्जतची शाळा. शाळा काडेपेटीएवढी दिसली. तिथे मी अठ्ठावीस वर्षं ओरडतो आहे. इंजिनाचा आवाज एवढा की एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. कर्जतवर त्याने दोन गोल घेतले.

"पाऊण," मी म्हटलं.

"पाऊण."

कशेळ्याचा बाजार दिसला, रस्त्यावर एक जीप थांबलेली. मी मान वळवली. पेट्रोल अर्ध्या रेघेवर होतं. डुचमळत होतं, थोडं वर, थोडं खाली, पण रेघेवर होतं. स्वच्छ दिसत होतं.

मी बोललो नाही.

का, ते मला सांगता येत नाही. ठरवून काही नव्हतं. शब्द तोंडात होता. पुण्यानुमोदनालाही शब्द होते. बोललं नाही तर काय होतं, एवढंच बघत होतो असं वाटतं. तेव्हा काहीच झालं नव्हतं. भंतेजींनी पुढची गाथा सुरू केली होती.

वाल्मिकने माझ्याकडे न बघता विचारलं, "दाजी, कशेळं आलं. पुढं जाऊ का?"

"जा."

गेला. खालची शेतं संपत आली. रेघ वर दिसायला लागली, पेट्रोल तिच्याखाली गेलं. समोर डोंगराची भिंत वाढत होती. बरं वाटत होतं असं म्हणणार नाही. शांत होतं. घर सोडताना कुलूप लावायचं राहिलं असावं असं वाटलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

"दाजी, पुढं जाऊ का?"

"जा."

खाली आता फक्त झाडी होती. उतरायला वावर नाही, रस्ता नाही. मी वाल्मिककडे बघितलं. दोन्ही हात दांड्यावर, मान सरळ. कपाळावरून घाम निघून कानामागे चालला होता आणि तो पुसत नव्हता. फेब्रुवारीची सकाळ, दार नसलेलं विमान, मला स्वेटरमध्ये थंडी वाजत होती. त्याला एवढा घाम कशाचा, असं माझ्या मनात आलं.

"दाजी." या वेळी आवाज फाटका आला. "पुढं जाऊ का?"

मग मला दिसलं की सीट दोन आहेत. आणखी कसं लिहावं कळत नाही. गेले सात महिने एकच होती.

"फिर," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. "वाल्मिक, अर्धं झालं! अर्ध्याच्या खाली गेलं! फिर मागे!"

"अर्धं झालं, फिरतो," तो म्हणाला, आणि बोलेपर्यंत विमान कलंडून वळलंसुद्धा होतं.

परतताना वारा समोरून होता. खाली शेतं सरकतच नव्हती. मी नळीवरून डोळा काढला नाही. रेघा नव्हत्या, म्हणून बोटं लावून सांगत राहिलो: चार बोटं, तीन बोटं, दोन. तो परत म्हणत राहिला. कर्जत मागे पडलं. एक बोट. मग नळीत काही नव्हतं आणि तरी इंजिन चालू होतं. नदी दिसली तेव्हा ते एकदा खोकललं आणि बंद पडलं. एवढी शांतता मी ऐकली नव्हती. वारा तारांतून वाजत होता.

"बसून राहा," वाल्मिक साध्या आवाजात म्हणाला. "आता हे माझं काम हाय."

नदी ओलांडून माळाच्या या टोकाला चाकं टेकली. डावं चाक रामभाऊंच्या बांधावर आपटून मोडलं, पंखाचं टोक गवतात घुसलं, आणि आम्ही तिरके बसून राहिलो. कोणाला काही झालं नव्हतं.

आवडी पळत आली. आधी त्याचं तोंड, हात, पाय चाचपले, मग माझे. आणि मग तिची नजर त्याच्या मनगटावर गेली.

"हे काय बांधलंस रं? घड्याळच हाय ना?"

"हाय."

"आन ते चालू हाय?"

"चालू हाय."

"किती मिन्टांनी फिरायचं ते ठावं नव्हतं तुला?"

वाल्मिकने सीटचा पट्टा सोडवायचा प्रयत्न केला. बक्कल निघेना. "ठावं होतं. कशेळ्यापासनंच बघत हुतो."

"मग मेल्या, फिरला का नायस?"

"दाजी बोलले नव्हते ना."

मी खाली उतरलो. आणि मग मी त्याला बोललो. बोललो कसला, ओरडलो. गाढवा, म्हटलं, नालायका, घड्याळ हातात बांधून मरायला निघालास, माझ्यासाठी? मी कोण? तुला बायको आहे, तुला म्हातारपण यायचंय, तुझ्या बहिणीने तुला कडेवर घेऊन पाटीलवाड्यावरनं पाणी मागून आणलं, बाहेर उभी राहून, ओंजळ पुढे करून, ते असं झाडीत टाकून द्यायला? एका माणसाचा जीव काय तुझ्या बापाचा आहे? काय काय म्हणालो आठवत नाही. सोनाचं नाव घेतलं, ते किती वेळा घेतलं तेही नाही. नदीपलीकडे गुरं राखणारी माणसं उभी राहून बघायला लागली. रामभाऊ खुरपं घेऊन धावत आले, भांडण लागलं असं समजून मला धरायला निघाले.

आवडीने त्यांना हात केला. "ऱ्हाऊ द्या रामभाऊ. कोन मधी पडू नका."

वाल्मिक चाकाजवळ खाली बसून ऐकत होता. प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

घसा पार गेला आहे. दोन दिवस झाले, गिळताना दुखतं. आज शाळेत फळ्यावर लिहूनच शिकवलं.